आकाशाचा सातबारा कुणाच्या नावे?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ज्या कामांचा आरंभ झाला, त्यांतली दोन शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी हे पहिले काम. मासेमारी नौकांवर उपग्रहाशी बोलणारी एक लाख यंत्रे टप्प्याटप्प्याने बसवण्याची सुमारे ३६० कोटी रुपयांची योजना हे दुसरे. वाढवणच्या बंदराला डहाणू-पालघरचा कोळी दोन तपांहून अधिक काळ विरोध करीत आला आहे. कारण जिथे भराव पडायचा तो उथळ समुद्र हेच त्याचे पिढ्यानपिढ्यांचे शेत आहे. ज्याची दर्यातली वहिवाट काढून घ्यायची त्याच्याच होडीवर संकटकाळी हाक मारण्याचे यंत्र बसवून द्यायचे, आणि दोन्ही गोष्टी एकाच मंडपात टाळ्यांच्या गजरात उरकायच्या, ही आजच्या राज्यकर्त्यांच्या विकासकल्पनेची खासियतच म्हटली पाहिजे.

यंत्र वाईट आहे असे कुणीही म्हणणार नाही. किनाऱ्यापासून दूर, भ्रमणध्वनीचा पल्ला संपतो तिथे, वादळाची सूचना खलाशापर्यंत पोहोचणे आणि त्याची हाक किनाऱ्यापर्यंत येणे ही जीवनमरणाची गोष्ट आहे. भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या, म्हणजे इस्रोच्या, शास्त्रज्ञांनी ती साध्य केली याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. प्रश्न निराळा आहे. हे यंत्र ज्या उपग्रहाच्या आधाराने चालते तो जीसॅट-६ हा उपग्रह मुळात कोळ्यासाठी बांधलेला नव्हता. तो ज्या लहरींवर चालतो, ज्यांना अभियंते एस बँड म्हणतात, त्या लहरींनी गेल्या चार दशकांत अनेक धनी पाहिले. तलाठ्याच्या दप्तरात जमिनीचे फेरफार नोंदलेले असतात, तसे या लहरींचे फेरफार कुणी नोंदून ठेवले असते तर राष्ट्रीय अवकाश कार्यक्रमाचे ध्येय कोणत्या वळणाने गेले ते एका उताऱ्यावर दिसले असते. अशी नोंद कुणी ठेवलेली नाही. म्हणून ती मांडून पाहणे भाग आहे.

पहिली नोंद खेड्याच्या नावे आहे. अहमदाबादच्या गिरणीमालकाच्या घरात जन्मलेल्या विक्रम साराभाईंनी साठच्या दशकात जो विचार मांडला तो त्या काळच्या कित्येक डाव्या नियोजनकारांनाही सुचला नव्हता. दूरदर्शन तेव्हा फक्त दिल्लीत होते. रूढ मार्गाने गेले असते तर ते दिल्लीतून मुंबईत, मुंबईतून कलकत्त्यात, मग राज्यांच्या राजधान्यांत, आणि सर्वांत शेवटी, झालेच तर, खेड्यात पोहोचले असते. साराभाईंनी हा क्रम उलटा करण्याचे ठरवले. उपग्रहाला शहर आणि खेडे यांत भेद करावा लागत नाही. त्याच्या दृष्टीने ओरिसातले आदिवासी खेडे आणि दिल्लीतले मंत्र्याचे निवासस्थान एकाच अंतरावर असते. तेव्हा आरंभ खेड्यापासूनच का करू नये? गरीब देशाला अवकाशाचा सोस कशाला, या आक्षेपाला त्यांनी दिलेले उत्तर हेच होते. चंद्रावर जाण्यात प्रगत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याची स्वप्ने हा देश पाहत नाही, माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्याखुऱ्या प्रश्नांना प्रगत तंत्रज्ञान लावण्यात मात्र तो कुणाच्या मागे राहू इच्छित नाही, अशी त्यांची भूमिका होती. १५ ऑगस्ट १९६९ रोजी स्थापन झालेल्या इस्रोचे हे जन्मपत्र होय.

ते कागदावरच राहिले नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील २४०० खेड्यांत सामुदायिक दूरदर्शन संच चालले. ‘साइट’ या नावाने हा प्रयोग जगभर ओळखला गेला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री, सार्वजनिक क्षेत्रातल्या हैदराबादच्या कारखान्यात बनलेले संच, वीज नसलेल्या काही गावांत बॅटऱ्या, आणि शाळेच्या ओट्यावर जमलेले गाव. सकाळी दीड तास मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. ओरिसातल्या खेडुताने दूरदर्शन पाहिले ते कलकत्त्याचे केंद्र सुरू होण्याच्या आठ दिवस आधी. राजधानीच्या आधी खेडे, ही गोष्ट या देशाच्या प्रशासनाच्या इतिहासात फार वेळा घडलेली नाही. या प्रयोगाच्या उभारणीत कोल्हापुरात जन्मलेल्या एकनाथ चिटणीसांचा वाटा फार मोठा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाची शंभरी पूर्ण करून ते गेले तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्यांची आठवण काढली, परंतु त्यांनी जे उभे केले त्याचे पुढे काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही.

तथापि ‘साइट’ची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. प्रयोग सुरू झाला तेव्हा आणीबाणी पुकारून पाच आठवडे झाले होते. गावाच्या ओट्यावर सायंकाळी अर्धा तास दिल्लीहून येणारा सामायिक कार्यक्रम सरकारच्या मर्जीचाच होता. वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधलेल्या, विरोधी नेते कारागृहात, आणि खेडुताला मात्र आकाशातून वीस कलमांची महती ऐकवली जात होती. तंत्र खेड्याच्या बाजूने झुकलेले आणि सत्ता मात्र एका खुर्चीत गोळा झालेली, असा तो विचित्र योग होता. खेड्याकडे पाहणारी आकाशवाहिनी आणि खेड्याला बोलू न देणारी राज्यव्यवस्था यांचा हा विसंवाद इस्रोच्या रचनेत तेव्हापासूनच आहे.

या विसंवादाला जिथे खरे उत्तर सापडले होते ते गाव गुजरातच्या खेडा जिल्ह्यातले पीज. तिथे इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने १९७५ मध्ये एक लहानसे प्रक्षेपण केंद्र चालवायला घेतले. जाहिराती नव्हत्या. शेतमजुरांचे किमान वेतन, सावकारी, अस्पृश्यता, स्त्रियांवरचे अन्याय असे विषय गावकऱ्यांच्याच सहभागाने, त्यांच्याच बोलीत मांडले जात. खेडूत तिथे नुसता प्रेक्षक नव्हता. ग्रामीण संज्ञापनाचा युनेस्कोचा पुरस्कार १९८४ मध्ये या प्रकल्पाला मिळाला. आणि १९८५ मध्ये पीजचे प्रक्षेपक उचलून मद्रासला नेण्यात आले, कारण त्या महानगराला दूरदर्शनची दुसरी वाहिनी हवी होती! गावकऱ्यांनी विरोध केला, तो कुणी मनावर घेतला नाही. जगाने ज्याचा गौरव केला ते खेड्यातून उपटून शहरात लावायचे आणि त्याला विस्तार म्हणायचे. साराभाईंनी उलटा केलेला क्रम पुन्हा सुलटा झाला तो इथे, आणि तो करणारे सरकार कुणा उद्योगपतीचे नव्हते, समाजवादाची शपथ घेतलेल्या पक्षाचेच होते. खाजगीकरणाच्या नावाने आज बोटे मोडणाऱ्यांनी हे विसरता कामा नये.

एस बँडची कहाणी याच सुमाराची. ऑगस्ट १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१ बी या उपग्रहावर या लहरींची दोन प्रक्षेपण-यंत्रे होती ती मुद्दाम खेड्यांसाठी. या लहरींचा गुण असा की त्या स्वस्त, लहान छत्रीने पकडता येतात आणि पावसाने फारशा अडत नाहीत. महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या निवडक गावांत त्यांच्यावर सामुदायिक संच चालावेत अशी योजना होती. याच लहरींवरून पूर्व किनाऱ्यावर वादळाची पूर्वसूचना देणारे भोंगे बसवले गेले: हवामान खात्याने कळ दाबली की धोक्याच्या गावातल्याच यंत्रातून तिथल्या भाषेत इशारा ऐकू यावा. १९७७ च्या नोव्हेंबरात आंध्रच्या दिवीसीमा भागात वादळाने दहा हजारांच्या आसपास माणसे गिळली होती. मे १९९० मध्ये त्याच किनाऱ्यावर तितकेच भयंकर वादळ आले तेव्हा दीड लाखांहून अधिक लोकांना आधी हलवता आले आणि मृतांची संख्या हजाराच्या आत राहिली. अवकाश संशोधनाचा गरिबाला काय उपयोग, असे विचारणाऱ्याला यापेक्षा दुसरे उत्तर देण्याची गरज नाही.

मात्र सामुदायिक संचांचे काय झाले? बिघडले ते दुरुस्त झाले नाहीत. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले, १९८४ मध्ये प्रायोजित मालिका आल्या, देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे पीक आले, आणि ज्याच्या घरी संच आहे तो प्रेक्षक ठरला. ज्याच्या घरी नाही तो शेजाऱ्याच्या खिडकीत उभा राहिला. गावचा ओटा ओस पडला. खेडे हा शब्द इस्रोच्या वार्षिक अहवालांत राहिला. अधूनमधून त्याला धुगधुगीही येत असे: १९९६ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या आदिवासी भागात विकास-संज्ञापनाचा प्रकल्प झाला, २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला गेला आणि त्याच्या प्राथमिक प्रयोगात नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सामील होते. परंतु एज्युसॅटचा वापर अपुरा आणि नियोजनशून्य झाला असे महालेखापालांनी २०१३ मध्ये लिहून ठेवले आहे. तो उपग्रह तोवर निवृत्तही झाला होता. उपग्रह बांधणारे एका खात्यात, शाळा चालवणारे दुसऱ्या, वीज पुरवणारे तिसऱ्या. आणि शिक्षकाला विचारण्याची चाल कोणत्याच खात्यात नाही.

खेड्याने सोडलेल्या जागेवर अतिक्रमण व्हायला वेळ लागत नाही. २८ जानेवारी २००५ रोजी इस्रोची व्यापारी शाखा असलेल्या अँट्रिक्सने देवास मल्टिमीडिया या कंपनीशी करार केला. कंपनीचा जन्म त्याआधी जेमतेम सहा आठवड्यांचा. तिच्या चालकांत इस्रोचेच माजी अधिकारी होते. सरकारी पैशाने दोन उपग्रह बांधायचे, त्यांतली ९० टक्के क्षमता या कंपनीला बारा वर्षे द्यायची, आणि तिच्याबरोबर एस बँडच्या ७० मेगाहर्ट्‌झ लहरी जायच्या, असा हा व्यवहार. लिलाव नाही, जाहीर निविदा नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस जीसॅट-६ च्या मंजुरीसाठी मंत्रिमंडळापुढे टिपण गेले त्यात या कराराचा उल्लेखसुद्धा नव्हता, हे महालेखापालांनी २०१२ च्या अहवालात नमूद केले. लोकांच्या पैशाने बांधायच्या घराचा भाडेकरू आधीच ठरला होता, आणि ज्यांच्याकडून बांधकामाची मंजुरी घ्यायची त्यांनाच तो ठाऊक नव्हता!

फेब्रुवारी २०११ मध्ये करार रद्द झाला तो संरक्षणाची गरज पुढे करून. या लहरी खेड्यांसाठी राखलेल्या होत्या, त्या अशा देता येत नाहीत, असे कारण कुणाला सुचले नाही. सुचण्याची सोयही उरली नव्हती. पुढची परवड सर्वांना माहीत आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने अँट्रिक्सला ५६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देवासचा सारा व्यवहारच फसवणुकीचा ठरवून कंपनी गुंडाळण्याचा आदेश कायम केला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर देवासच्या बाजूने कौल दिला. वकिलांची दोन दशके सुखाची गेली. जीसॅट-६ उपग्रह ऑगस्ट २०१५ मध्ये वर गेला. त्याचा जोडीदार जीसॅट-६ ए मार्च २०१८ मध्ये सोडल्यावर तीन दिवसांत मुका झाला. आणि अखेर पालघरच्या मंडपात या लहरींचा एक तुकडा मासेमाराच्या होडीवर आला. चाळीस वर्षांपूर्वी ज्याच्या हक्काने ती जमीन नोंदली गेली होती त्याला ती आता राज्यकर्त्याची देणगी म्हणून परत मिळाली, हा या उताऱ्यावरचा सर्वांत बोलका फेरफार.

असे का होऊ शकले याचा शोध घेतला की बोट नेतृत्वाकडे वळते. कुणा एका व्यक्तीकडे नव्हे, तर पदाच्या घडणीकडे. १९७२ पासून अवकाश विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत आहे. इस्रोचा अध्यक्ष, अवकाश विभागाचा सचिव आणि अवकाश आयोगाचा अध्यक्ष ही तिन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असतात. म्हणजे योजना आखणारा, तिला मंजुरीची शिफारस करणारा आणि ती राबवणारा एकच. सतीश धवनांसारखा माणूस त्या जागी होता तोवर या रचनेचे दोष झाकले गेले. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हा अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला तेव्हा वार्ताहरांपुढे धवन स्वतः गेले आणि अपयश आपल्या शिरावर घेतले. पुढच्या जुलैमध्ये यश आले तेव्हा बोलण्यासाठी त्यांनी आपल्या सहकाऱ्याला, अब्दुल कलामांना, पुढे केले. ही गोष्ट शाळेच्या कार्यक्रमांत नेहमी सांगितली जाते. संस्था मात्र अशा गोष्टींवर चालत नाहीत. माणूस थोर नसला तरी त्याला उत्तर द्यायला भाग पाडतील अशा नियमांवर त्या चालतात. ते नियम कुणी केलेच नाहीत. २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० का पडला याची कारणे निदान इस्रोने नंतर जाहीर केली. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात बिघडून पृथ्वीनिरीक्षणाचा एक उपग्रह गमावला गेला, त्याच्या चौकशीचा अहवाल वर्ष संपेपर्यंत लोकांसमोर आला नव्हता. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात अवकाश विभागाला १३,४१६ कोटी रुपये दिले आहेत. त्यांचा हिशेब मागण्याचा हक्क करदात्याला नाही असे उघडपणे कुणी म्हणत नाही. अहवाल तेवढा येत नाही.

उत्तरे द्यायची नसली की दृश्ये दाखवावी लागतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. ती अस्सल शास्त्रीय कामगिरी होती, आणि तिचा आनंद कोणत्याही पक्षाच्या माणसाने मोकळेपणाने मानावा. पण उतरण्याच्या त्या क्षणी देशाच्या पडद्यावर अर्धी जागा कुणी व्यापली होती ते देशाने पाहिले. रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन या सार्वजनिक कारखान्याने श्रीहरिकोटाच्या प्रक्षेपणतळासाठी अवजड सामग्री घडवली आहे. यान चंद्रावर उतरत होते तेव्हा या कारखान्यातल्या कामगारांचे आणि अभियंत्यांचे वर्षाहून अधिक काळाचे वेतन थकलेले होते. चांद्रयान-३ चे काम या कारखान्याला दिलेलेच नव्हते, असे सरकारने सांगितले. उत्तर शब्दशः बरोबर असेल. ज्याने तळासाठी लोखंड घडवले त्याचा उड्डाणाशी संबंध नाही, हा युक्तिवाद मात्र गिरणीमालकांच्या वकिलांनाही लाज वाटावी असा आहे.

माणूस अवकाशात पाठवण्याच्या गगनयान योजनेचा खर्च २०१८ मध्ये सुमारे १० हजार कोटी सांगितला गेला, तो सप्टेंबर २०२४ मध्ये २० हजार कोटींच्या पुढे गेला. ठरलेले २०२२ साल तर केव्हाच उलटले. जून २०२५ मध्ये एका भारतीय अंतराळवीराला अमेरिकी खाजगी कंपनीच्या मोहिमेतून पाठवण्यासाठी सुमारे साडेपाचशे कोटी खर्च झाले, म्हणजे एक लाख होड्यांच्या योजनेहून अधिक. त्याच काळात होडीला, रेल्वेला, शेताच्या मोजणीला उपयोगी पडावी अशी जी स्वदेशी दिशादर्शन यंत्रणा, नाविक, तिच्या अनेक उपग्रहांतली आयात केलेली अणुघड्याळे बंद पडली होती. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ झडप न उघडल्यामुळे नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. ती बातमी आतल्या पानांवर गेली. घड्याळ बंद पडण्यात दृश्य असे काही नसते.

आता चौथा फेरफार चालू आहे, आणि तो सर्वांत मोठा आहे. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या छायेत, अवकाशक्षेत्र खाजगी भांडवलाला खुले करण्याचा निर्णय जाहीर झाला. परवाने देण्यासाठी इन-स्पेस ही संस्था निघाली आणि २०२१ मध्ये तिचे अध्यक्षपद मोटार उद्योगातून आलेल्या व्यवस्थापकाला मिळाले. एप्रिल २०२३ च्या अवकाश धोरणाने इस्रोला नेहमीच्या वापरातल्या उपग्रहांच्या आणि अग्निबाणांच्या निर्मितीतून बाहेर पडून संशोधनापुरते राहायला सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उपग्रहक्षेत्रात ७४ टक्क्यांपर्यंत आणि अग्निबाणांत ४९ टक्क्यांपर्यंत विदेशी भांडवलाला सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय वाट मोकळी झाली. नवउद्योगांसाठी एक हजार कोटींचा सरकारी निधीही मंजूर झाला. धोका लोकांच्या पैशाचा, नफा कंपनीचा, ही जुनीच वाटणी आहे. फक्त ती आता पृथ्वीपासून ३६ हजार किलोमीटरवर होते. इस्रोच्या नव्या व्यापारी कंपनीने मागणीनुसार उपग्रह हे सूत्र स्वीकारले. त्याचा पहिला नमुना म्हणून जून २०२२ मध्ये गेलेल्या जीसॅट-२४ ची सारी क्षमता टाटा प्ले या एका दूरचित्रवाणी कंपनीला मिळाली. मागणी कुणाची धरायची? ज्याच्या हातात पैसा त्याची. ‘साइट’च्या २४०० गावांनी मागणी केलेली नव्हती; त्यांची गरज होती. मागणी आणि गरज यांतला भेद ज्या दिवशी राष्ट्रीय संस्थेच्या धोरणातून पुसला गेला त्या दिवशी तिचे ध्येय बदलले, मग जाहीरनाम्यात काहीही लिहिलेले असो.

खाजगी क्षेत्र आल्याशिवाय वेग येणार नाही, इस्रोच्या मांडवाखाली सगळेच रखडते, असे म्हटले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. इस्रोसाठी नळ्या, टाक्या, तबकड्या घडवणारे शेकडो लहानमोठे कारखाने पूर्वीपासून आहेत, त्यांतले अनेक खाजगी आहेत, आणि त्यांनी उत्तम काम केले आहे. भांडण कारखानदाराशी नाही. नट-बोल्ट कुणी बनवले हा प्रश्न गौण आहे. लहरी, कक्षा आणि त्यांवरून मिळणारी माहिती कुणाच्या मालकीची, हा मुख्य आहे. आणि जो समाजवादी म्हणवतो त्याने दुसऱ्या बाजूच्या भाबडेपणालाही उत्तर दिले पाहिजे. आधी भाकरी, मग अग्निबाण, ही घोषणा ऐकायला रास्त वाटते; परंतु दिवीसीमाच्या किनाऱ्यावर भाकरी आणि अग्निबाण यांत निवड करायची नव्हती. तिथे भोंगा असता तर भाकरी खाणारी माणसे वाचली असती. अवकाश हे श्रीमंतांचे खेळणे आहे असे म्हणून जो ते सोडून देतो, तो ते श्रीमंतांनाच आंदण देतो.

आंदणाचा मुहूर्त ठरलेलाच आहे. अमेरिकेच्या स्टारलिंक कंपनीला जून २०२५ मध्ये दूरसंचार परवाना आणि जुलैमध्ये इन-स्पेसची पाच वर्षांची परवानगी मिळाली. देशातल्या दोन बलाढ्य दूरसंचार कंपन्यांनी मार्चमध्येच तिच्याशी हातमिळवणी केली होती. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रहसेवेच्या लहरी लिलावाविना देण्याची तरतूद करून ठेवली. त्या वाटपासाठी नियामक प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये महसुलाच्या ४ टक्के आकाराची आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला पाचशे रुपयांची शिफारस केली. खेड्यातल्या ग्राहकाला उपकरण परवडणार नाही हेही प्राधिकरणाला उमगले, आणि त्यावर उपाय सुचला तो त्या उपकरणासाठी सरकारी निधीतून अनुदान देण्याचा विचार व्हावा, असा. म्हणजे खेड्याच्या नावे निघालेला पैसाही कंपनीच्याच गल्ल्यात. दुर्गम पाड्यावरच्या शाळेला, प्राथमिक आरोग्य केंद्राला, मच्छीमार सहकारी संस्थेला अमुक इतकी क्षमता विनामूल्य दिलीच पाहिजे, अशी अट कुठे आहे? भांडवलशाहीची काशी समजल्या जाणाऱ्या अमेरिकेत उपग्रहावरून घरोघर वाहिन्या पोहोचवणाऱ्या कंपन्यांना वाहिन्यांची ४ टक्के क्षमता शैक्षणिक कार्यक्रमांसाठी राखून ठेवावी लागते, असा १९९२ च्या कायद्याचा दंडक आहे. आपल्याकडेही ४ टक्केच मागितले. फक्त ते तिजोरीसाठी मागितले, शाळेसाठी नव्हे.

या सर्व कारभाराला आधारभूत असा कायदाच नाही, ही तर आणखी एक गंमत. अवकाश व्यवहारांच्या विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांसमोर आला आणि दप्तरात गेला. कोट्यवधींचे परवाने देणारी इन-स्पेस संसदेच्या कोणत्याही अधिनियमाने जन्मलेली नाही; तिला मंत्रिमंडळाच्या निर्णयाचा आधार आहे, आणि मंत्रिमंडळाचा निर्णय पुढचे मंत्रिमंडळ एका दुपारी बदलू शकते. तेव्हा विरोधी पक्षांनी चांद्रयानाचे श्रेय कुणाचे या वादात वेळ घालवण्यापेक्षा हा कायदा मागावा. अध्यक्ष, सचिव आणि आयोगाचा प्रमुख ही पदे वेगळी करावीत. प्रत्येक अपयशाचा अहवाल, संरक्षणाचा भाग वगळून, ठरावीक मुदतीत संसदेच्या पटलावर ठेवण्याचे बंधन असावे. देशी असो वा विदेशी, भारताच्या आकाशातून सेवा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या क्षमतेचा ठरावीक हिस्सा शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती आणि मच्छीमार संस्था यांच्यासाठी राखीव असावा, आणि तो वापरायचा कसा हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याच प्रतिनिधींना असावा. नाहीतर एज्युसॅटचीच गत होईल.

स्टारलिंकला मिळालेली परवानगी जुलै २०३० मध्ये संपते. तिच्या नूतनीकरणाच्या आधी या अटी कायद्यात यायच्या असतील तर मसुदा आताच संसदेच्या समितीपुढे गेला पाहिजे. साक्ष देण्यासाठी समितीने उद्योगसंघटनांना बोलावण्यापूर्वी रांचीच्या कामगारांना, आदिवासी भागातल्या शिक्षकांना आणि डहाणूच्या कोळ्यांना बोलावले पाहिजे.